एकच ढग धरायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही

निवांत_नजर (धागाकर्ती)

ढग बघत बसणाऱ्यांसाठी हा धागा काढतेय. विज्ञान, फोटो, "तो बघा हत्ती", सगळं चालेल. बंदी एकाच गोष्टीला: "पिंजलेला कापूस" हे शब्द इथे कुणी वापरायचे नाहीत. ते सगळ्यांचे वापरून झालेत.

सुरुवात एका खेळाने करू. ऊन चढायला लागलं की निळ्या आकाशात छोटे छोटे, सुटे, पांढरे ढग उगवू लागतात. त्यातला एक निवडायचा. शक्यतो अगदी नुकता दिसू लागलेला, "हा ढग आहे की डोळ्यांना भास होतोय" असं वाटायला लावणारा. आणि तो संपेपर्यंत त्याच्यावरून नजर काढायची नाही. आपण सगळ्यांनी ढग हजारदा पाहिलेत, पण एखादा पहिल्यापासून शेवटपर्यंत किती जणांनी पाहिलाय? वर बघतो, "छान" म्हणतो, पुन्हा खाली बघतो.

काय दिसतं ते थोडंसं सांगते, सगळं नाही. आधी धूसर डाग. मग कडा ठाम होत जातात, वरच्या बाजूला फुगवटे येतात, एक फुगवटा दुसऱ्याच्या पोटातून बाहेर पडतो. बूड मात्र सपाट राहतं. आणि गंमत अशी की एका बाजूने तो वाढत असतानाच दुसऱ्या बाजूने विरायला लागलेला असतो. कुठल्या क्षणी वाढणं थांबून विरणं सुरू झालं ते पकडून दाखवा, हीच खरी पैज. छोटा ढग असेल तर पंधरा-वीस मिनिटांत खेळ आटोपतो, कधी त्याच्याही आधी.

बूड सपाट का, तर जमिनीलगतची तापलेली हवा वर चढताना दर १०० मीटरला साधारण १ अंश सेल्सिअसने थंड होत जाते. ज्या उंचीवर तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, तिथे ढगाचं बूड. आसपासची हवा सारखीच असल्याने सगळ्या ढगांची बुडं जवळपास एका पातळीत येतात. हे एकदा डोळ्यांत बसलं की दूर क्षितिजापर्यंत ओळीने मांडलेली बुडं दिसू लागतात आणि आकाश किती खोल आहे ते पहिल्यांदाच कळतं.

सूर्याजवळचा ढग निवडू नका. निवडलाच तर सूर्य खांबाच्या किंवा भिंतीच्या आड राहील असे उभे राहा.

---

खिडकीशेजारी

काय मस्त धागा! मी मात्र हत्ती-घोडे पक्षातली आहे, आधीच सांगून ठेवते. बाबा बरेच महिने अंथरुणावर आहेत. त्यांच्या खाटेवरून खिडकीएवढंच आकाश दिसतं. संध्याकाळी आमची पैज लागते. मी म्हणते उंट. ते म्हणतात, "उंट कसला, गाढव आहे. मान बघ की जरा." आम्ही भांडेपर्यंत मान गळून पडते आणि दोघंही हरतो.

आकार दिसतात याला पॅरिडोलिया म्हणतात असं वाचलं होतं. दोन ठिपके आणि खाली एक रेघ दिली की मेंदू त्याचा चेहरा करून मोकळा होतो. बालिशपणा म्हणा हवं तर, पण बाबांचं पेपर वाचणंसुद्धा सुटलंय, हे सुटलेलं नाही.

---

वातकुक्कुट

@खिडकीशेजारी, बाबांना नमस्कार सांगा. गाढवाच्या बाजूने माझं एक मत.

खेळ उत्तम आहे, ताई. त्यात थोडी भर घालतो. तुम्ही सांगताय तो क्युम्युलस. हे नाव १८०२ सालचं. ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषधं आणि रसायनं बनवणाऱ्या माणसाने लंडनमध्ये एका छोट्या विज्ञानमंडळापुढे ढगांवर निबंध वाचला. व्यवसायाने हवामानाशी काही संबंध नाही, पण लहानपणापासून वर बघायची खोड. त्याने ढगांच्या तीन मूळ जाती ठरवल्या: केसांच्या बटांसारखा सिरस, राशीसारखा क्युम्युलस आणि पसरट थराचा स्ट्रेटस. पाऊस पाडणाऱ्याला निंबस म्हटलं. मग यांच्या जोड्या लावल्या, कारण ढग एका रूपातून दुसऱ्यात जातात हे त्याने नेमकं हेरलं होतं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लामार्कनेही ढगांची वर्गवारी सुचवली होती, फ्रेंच नावांची. ती मागे पडली. हॉवर्डची लॅटिन नावं मात्र जगभर गेली आणि जर्मन कवी गटेने तर त्याच्या सन्मानार्थ कविता लिहिल्या. हवामानाच्या वर्गवारीवर कविता! असं भाग्य पुन्हा कुणाच्या वाट्याला आल्याचं ऐकिवात नाही.

आज मुख्य प्रकार १० मानतात. ते पाठ करायची गरज नाही. उंच, मधला, खालचा एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ.

---

साध्या_डोळ्यांनी

चांगला चाललेला धागा लॅटिनने बिघडवू नका, ही नम्र विनंती. नाव कळलं की माणूस बघायचं थांबतो. "हा अमुक आहे" म्हटलं की संपलं, पुढचा दाखवा. पक्षी बघणाऱ्यांचं झालंय तेच. ते यादीवर खूण करतात, पक्षी बघत नाहीत. मला गवतावर आडवं पडून काहीही न कळता बघायचंय.

---

भुरभुर

+१ साध्या_डोळ्यांनी. आडवं पडण्याला पर्याय नाही. मान वर करून बघितलं की दोन मिनिटांत मानच बोलायला लागते.

---

वातकुक्कुट

@साध्या_डोळ्यांनी, आडवे पडाच, माझीही तीच आवडती बैठक आहे. पण नावामुळे बघणं थांबतं हे पटत नाही. इंग्लंडमधल्या जॉन कॉन्स्टेबल या चित्रकाराने १८२१-२२ मध्ये केवळ आकाशाचे कितीतरी अभ्यास रंगवले. कागदामागे तारीख, वेळ आणि वारा कुठून वाहतोय ते लिहून ठेवायचा. त्या नोंदींमुळे त्याचं आकाश कोरडं झालं का? उलट त्याच्या ढगांखाली उभं राहिलं तर पाऊस कधी येईल ते सांगता येईल, इतके ते खरे आहेत.

दुसरा माणूस राल्फ अ‍ॅबरक्रोम्बी. याला शंका होती की आपल्या आकाशातले ढग आणि जगाच्या दुसऱ्या टोकाचे ढग खरंच एकाच जातीचे असतात का. त्या काळात बोटीने पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि १८८७ मध्ये निष्कर्ष मांडला की ढगांची रूपं सगळीकडे तीच आहेत. पुढे १८९६ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मेघ-अ‍ॅटलास निघू शकला तो याच भरवशावर. विषुववृत्तावर बसा नाहीतर ध्रुवाजवळ, मंडळी तीच. फरक मजल्यांचा. उंच ढगांचा मजला उष्ण कटिबंधात ६ ते १८ किलोमीटर, ध्रुवांकडे ३ ते ८.

---

साध्या_डोळ्यांनी

दोन प्रदक्षिणा? बरं, हा माणूस मला आवडला. लॅटिन अजूनही नको.

---

निवांत_नजर

दोघांनाही या धाग्यावर जागा आहे. :) माझं म्हणाल तर नाव आधी कळलं तर थोडं नुकसान होतं, बघून झाल्यावर कळलं तर फायदा. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी बघा, मग विचारा.

---

प्रश्नार्थक

मी काल खेळ खेळले. ढग मध्येच शेजारच्या ढगाला जाऊन मिळाला, त्यामुळे निकाल लागला नाही. पण बघता बघता एक प्रश्न पडला. हे पाणीच आहे ना? मग खाली का पडत नाही? आणि याचं वजन किती असेल?

---

वातकुक्कुट

मिळाला म्हणजे बाद, नवा निवडा. :D

वजनाचा हिशोब सोपा आहे. साध्या क्युम्युलसमध्ये दर घनमीटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पाणी धरू. एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि उंच ढग म्हणजे १ अब्ज घनमीटर. गुणाकार केला की ५०० टन पाणी. मोठं वाटतं, पण त्याच जागेत मावणारी हवा १० लाख टनांच्या घरात जाते. हवेच्या मानाने पाणी नगण्य.

आता पडत का नाही. ढगातला थेंब सरासरी ०.०२ मिलिमीटर व्यासाचा. एवढ्याशा थेंबाला हवेचा विरोध इतका पुरतो की तो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली सरकतो. आणि ढगाला जन्म देणारी हवा त्याहून कितीतरी वेगाने वर चढत असते. म्हणजे थेंब पडतोच आहे, फक्त वर जाणाऱ्या जिन्यावरून खाली उतरतोय. पावसाचा २ मिलिमीटरचा एक थेंब व्हायला असे सुमारे १० लाख थेंब एकत्र यावे लागतात. बहुतेक ढगांना ते कधीच जमत नाही.

---

गच्चीवरची

ज्यांना नावं नको पण मजले ओळखायचेत त्यांच्यासाठी बोटांची युक्ती. बारीक बारीक ठिपक्यांचं, खवल्यांचं आकाश दिसलं की हात सरळ लांब करा. करंगळीच्या रुंदीमागे एक अख्खा ठिपका लपला तर तो वरच्या मजल्यावरचा, बर्फाच्या उंचीचा. करंगळीला पुरून उरला पण तीन बोटांत मावला तर मधला मजला. तीन बोटांतही मावेना, तर खालचा. डोक्यावरच्या भागातच करायचं, क्षितिजाजवळचं गणित चुकतं.

माझा आवडता खेळ वेगळा आहे. दोन मजले एकाच वेळी दिसत असतील तर एखादी तार किंवा इमारतीची कड धरायची आणि बघायचं कोण कुठे चाललंय. खालचे एकीकडे पळत असतात आणि वरचे भलतीकडे. वर वेगळाच वारा आहे हे कुणी न सांगता समजतं. वरचे दिसतात संथ, पण तो केवळ अंतराचा परिणाम. त्या उंचीचे वारे ताशी १०० किलोमीटरच्या पुढेही असतात.

---

चहाविरहित

कामाच्या जागी माझ्या वाट्याला दोन इमारतींमधली आकाशाची पट्टी आलीय. त्यात एक सोय आहे: ढग कडेने आत येतो आणि दुसऱ्या कडेने जातो, त्यामुळे वेग मोजता येतो. सहकाऱ्यांना वाटतं मी कामाचा विचार करतोय. कुणी सांगू नका.

---

डोंगरवेडा

ताई, तुमच्या खेळाला डोंगरात एक उलटा प्रकार आहे. हलतच नाही असा ढग शोधायचा.

जोरदार वारा डोंगर ओलांडून जातो तेव्हा पलीकडे हवा लाटांसारखी वर-खाली होते. लाटेच्या माथ्यावर हवा थंड होऊन ढग बनतो, उतारावर पुन्हा विरतो. तो ढग भिंगासारखा, गुळगुळीत कडांचा, कधी एकावर एक थर रचल्यासारखा. वारा सुसाट असतो आणि ढग तासन्‌तास जागच्या जागी. वाऱ्याच्या बाजूच्या कडेने नवे थेंब तयार होतायत, दुसऱ्या कडेला नाहीसे होतायत. म्हणजे मघाशी पाहिलेल्या ढगातलं पाणी आताच्या ढगात नाहीच, आणि तरी आपण म्हणतो "तोच ढग". तुमचा शेवटपर्यंत बघायचा नियम इथे लावला तर रात्र होईल.

---

निवांत_नजर

@डोंगरवेडा, हे भारी आहे! नियमात बदल: भिंगाच्या ढगाला सूट.

आणि तुम्ही म्हणता तेच छोट्या क्युम्युलसच्या बाबतीतही थोड्याफार प्रमाणात खरं आहे. तिथेही कडेचे थेंब सतत विरतात आणि आतून नवे येतात. म्हणूनच एकदाच वर बघून काही हाती लागत नाही असं मला वाटतं. फोटोत जो ढग दिसतो तो एका घटनेचा मधलाच कुठला तरी क्षण असतो.

---

स्थिरचित्र

फोटोंवर टीका होतेय म्हणून आलो. :) फोनवर टाइमलॅप्स लावा. दर काही सेकंदांनी एक चित्र, अर्धा तास, फोन कशाला तरी टेकवून. नंतर बघाल तर तुमचा शांत क्युम्युलस खदखदताना दिसेल. हवा मधोमध वर उसळते, कडांनी खाली लोळते. नुसत्या डोळ्यांना हे कळतही नाही.

साध्या फोटोसाठी एकच सूचना. स्क्रीनवर ढगाच्या सर्वांत उजळ भागावर बोट टेकवा आणि प्रकाश थोडा कमी करा. नाहीतर ढगाच्या जागी पांढरा डाग येतो, आतले फुगवटे सगळे गायब. आणि खाली जमिनीची एक पट्टी येऊ द्या, नाहीतर ढग मोठा की छोटा ते कळणार कसं?

---

साध्या_डोळ्यांनी

टाइमलॅप्समध्ये ढग घाईत असल्यासारखे वाटतात. त्यांना कसली घाई? मला त्यांची खरी चाल हवी.

---

स्थिरचित्र

मी दोन्ही करतो. फोन त्याचं काम करतो, मी शेजारी आडवा.

---

रात्रपाळी

दिवसाची मंडळी झाली असतील तर रात्रीचं सांगू का? सगळे झोपल्यावर माझा दिवस सुरू होतो आणि चंद्र असला की ढग दिवसापेक्षा जास्त बघून होतात.

चंद्राला खळं पडलंय असं आपण सरसकट म्हणतो, पण वर्तुळं दोन निराळ्या जातींची असतात. एक मोठं, चंद्रापासून लांब. हात सरळ लांब करून पंजा पूर्ण फाकवा, अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवा, करंगळीचं टोक साधारण त्या वर्तुळावर येतं. म्हणजे २२ अंश. हे उंचावरच्या पातळ ढगातल्या षट्‌कोनी बर्फकणांतून प्रकाश वळल्याने होतं. दुसरं छोटं, चंद्राला चिकटलेलं, आत पिवळट पांढरं आणि बाहेर तांबूस, कधी त्याच्याबाहेर पुन्हा निळं-हिरवं. हे पाण्याच्या थेंबांचं काम. थेंब जितके बारीक तितकं वर्तुळ मोठं, आणि सगळे एका मापाचे असले तर रंग स्वच्छ. म्हणजे नुसत्या वर्तुळावरून वर बर्फ आहे की पाणी ते सांगता येतं. दुर्बीण नको, काही नको.

आणखी एक. लांब क्षितिजावर वीज चमकत राहते, पण आवाज अजिबात नाही. लोक म्हणतात उकाड्याची वीज आहे. ते खरंखुरं वादळच असतं, फक्त फार दूर. १० किलोमीटर उंचीचा ढगमाथा, आडवं काही नसेल तर, ३५० किलोमीटरवरूनही क्षितिजाच्या वर डोकावू शकतो. गडगडाट मात्र १५-२० किलोमीटरपलीकडे सहसा पोचत नाही. त्यामुळे नुसता प्रकाश. आत वीज झाली की सगळा ढग पोटातून उजळतो, त्याचे कोपरे न्‌ कोपरे दिसतात, आणि पुन्हा अंधार. त्या ढगाखालचे लोक त्या वेळी दारं-खिडक्या लावत असतील. मी मात्र आरामात बसून बघते.

---

प्रश्नार्थक

बापरे, ३५०! जवळ असेल तर कसं कळायचं?

---

रात्रपाळी

चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर गच्चीवरून खाली उतरा. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास वर जाऊ नका. या बाबतीत हौस बाजूला.

---

डोंगरवेडा

त्या ढगाच्या आत काय असतं ते सांगू शकणारा एक माणूस होऊन गेला. विल्यम रँकिन, अमेरिकन मरीन दलाचा वैमानिक. २६ जुलै १९५९ रोजी वादळी ढगाच्या वरून जाताना इंजिन बंद पडलं आणि सुमारे १४ किलोमीटर उंचीवर त्याला विमानातून बाहेर उडी घ्यावी लागली. एरवी दहाएक मिनिटांत जमिनीवर यायचा. पण ढगातल्या उसळत्या हवेने त्याला पुन्हा पुन्हा वर फेकलं, गारांनी झोडपलं, आणि जमिनीवर पोचायला ४० मिनिटं लागली. वाचला, आणि पुढे सगळं लिहूनही ठेवलं.

---

गच्चीवरची

आणि लांबून त्याच ढगाचा ऐरणीसारखा सपाट माथा किती सुंदर दिसतो! तो माथा सपाट का, हे पण लिहा की कुणीतरी.

---

वातकुक्कुट

वर चढणारी हवा आसपासच्या हवेपेक्षा उबदार असते तोवर चढत राहते. एका उंचीनंतर वातावरणात तापमान कमी होणं थांबतं, तिथे स्थितांबर सुरू होतं. चढणाऱ्या हवेला तिथे छत लागतं आणि ती आडवी पसरते. म्हणजे ऐरण दिसली की वातावरणाच्या पहिल्या मजल्याचं छत डोळ्यांनी दिसलं असं समजा. फार जोर असलेला झोत छतालाही धडक मारतो, मग ऐरणीवर एक छोटा घुमट उठतो. घुमट टिकून राहिला तर खाली गंभीर वादळ आहे.

---

मळभप्रिय

इतका वेळ वाचतोय, पण राखाडी आकाशाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांना उसळणारे, चमकणारे ढग हवेत. वर्षातले कितीतरी दिवस नुसतं मळभ असतं, त्याचं काय?

मळभातही बघण्यासारखं असतं. सूर्य पुसट, घासलेल्या काचेमागून दिसावा तसा दिसतोय आणि जमिनीवर तुमची सावली पडत नाहीये, तर तो मधल्या मजल्याचा थर. त्याआधी उंच पातळ पडद्यात सूर्याभोवती ते २२ अंशांचं वर्तुळ दिसलेलं असेल, आणि थर हळूहळू दाट होत, खाली येत असेल, तर समशीतोष्ण प्रदेशांत अशा क्रमानंतर बहुधा लांबलेला पाऊस येतो. ही सगळी कथा राखाडीच्या छटांमध्ये घडते. बघायला डोळा हवा.

---

निवांत_नजर

@मळभप्रिय, थर दाट होत जाताना बघणं मलाही आवडतं. पण एकदा का तो पूर्ण जमला आणि दिवसभर एकसारखं राखाडी झालं, की मी घरात जाते. त्याला सुंदर म्हणायचा आग्रह धरू नका, मी म्हणणार नाही.

---

मळभप्रिय

मी एकटा पुरेसा आहे.

---

पाठमोरा

सूर्यास्ताचे फोटो येतीलच, त्याआधी एक सांगतो. सगळे पश्चिमेकडे बघत असतात तेव्हा एकदा मागे वळून बघा. ढगांआडून फाकणारे किरण पश्चिमेला पंख्यासारखे पसरलेले दिसतात ना, ते प्रत्यक्षात समांतर असतात. लांबवर गेलेला सरळ रस्ता जसा एका बिंदूला मिळाल्यासारखा वाटतो तसं आहे ते. हेच किरण आणि सावल्या कधी कधी डोक्यावरून पार पूर्वेला जातात आणि तिथे पुन्हा एका बिंदूकडे मिटत येतात. सूर्य एका बाजूला आणि किरण दुसऱ्या बाजूला एकत्र येताना बघून पहिल्यांदा काहीच सुधरत नाही.

दुसरं, रंगांचा क्रम. सूर्य मावळला की आधी खालचे ढग विझतात, मग मधले, आणि सर्वांत वरचे तंतू अखेरपर्यंत लाल राहतात, कारण तेवढ्या उंचीवरून सूर्य अजून दिसत असतो. पहाटे क्रम उलटा. त्यामुळे कोणता ढग वर आणि कोणता खाली याचं उत्तर त्या वीस मिनिटांत आयतं मिळतं. @गच्चीवरची, बोटंसुद्धा लागत नाहीत.

---

गच्चीवरची

हे आज बघणारच. बोटं खिशात.

---

भुरभुर

नवीन ढग सापडणं शक्य आहे का? म्हणजे आपल्यासारख्या हौशी लोकांना? की सगळं ठरून गेलंय?

---

वातकुक्कुट

ढग नवा नाही, पण नाव नवं मिळू शकतं. गॅव्हिन प्रेटर-पिनी या इंग्लिश माणसाने २००५ साली ढगप्रेमींची एक संस्था सुरू केली. जगभरातून लोक तिला फोटो पाठवतात. त्यात काही फोटो असे यायला लागले की कुठल्याच प्रकारात बसेनात: खवळलेला समुद्र खालून बघावा तसं उलटंपालटं आकाश. त्यांनी वेगळ्या नावाचा आग्रह धरला, आणि २०१७ मध्ये जागतिक हवामान संघटनेने अ‍ॅटलासच्या नव्या आवृत्तीत ते 'अ‍ॅस्पेरिटास' म्हणून घेतलं. त्याच आवृत्तीत वणव्यातून, धबधब्यातून, जंगलातून निघणाऱ्या ढगांना स्वतंत्र नावं मिळाली. विमानामागची रेघसुद्धा दहा मिनिटं टिकली तर आता रीतसर माणसाने बनवलेला सिरस आहे.

(अवांतर: ती रेघ लगेच पुसली गेली तर वरची हवा कोरडी, पसरत गेली तर दमट.)

---

साध्या_डोळ्यांनी

विमान एखाद्या पातळ ढगातून गेल्यावर ढगाला गोल भोक पडलेलं मी पाहिलंय. भोकाच्या मधोमध झिरझिरीत काहीतरी लोंबत होतं. कुणाला सांगितलं तर पटत नाही. ते काय असतं? नाव सांगितलं तरी चालेल, एवढ्यापुरतं.

---

वातकुक्कुट

आलात का लॅटिनकडे! :D कॅव्हम.

त्या ढगात शून्याच्या बऱ्याच खाली तापमान असूनही थेंब पाणीच राहिलेले असतात. गोठायला आधार मिळत नाही म्हणून, उणे ४०च्या आसपासपर्यंतही. विमानाच्या पंखांजवळ हवा आणखी थंड होते, काही थेंब गोठतात. मग बर्फकण आसपासची वाफ ओढून वाढतात, शेजारचे थेंब विरतात आणि भोक रुंदावत जातं. लोंबणारं ते म्हणजे खाली पडणारे बर्फकण, जमिनीपर्यंत न पोचता वाटेतच संपणारे. तुम्हाला दिसलं म्हणजे नशीबवान आहात, मी अजून फोटोतच पाहिलंय.

---

साध्या_डोळ्यांनी

"मी अजून फोटोतच पाहिलंय." हे वाक्य मी जपून ठेवतोय.

---

प्रश्नार्थक

पुढच्या आठवड्यात मोठा विमानप्रवास आहे. वरून ढग बघताना काय बघू?

---

डोंगरवेडा

विमानाची सावली शोधा. खाली ढगांचा थर असेल तर सावलीभोवती रंगीत कडी दिसते, कधी एकात एक दोन-तीन. तिला ग्लोरी म्हणतात. डोंगरमाथ्यावर पाठीशी ऊन आणि पुढ्यात धुकं असेल तर आपल्या सावलीच्या डोक्याभोवतीही दिसते. चार जण उभे असले तरी प्रत्येकाला फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती.

१८९४च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण काही दिवस राहिला होता. हीच कडी बघून त्याला वाटलं की असा ढग प्रयोगशाळेत बनवावा. बनवला. त्या बंद पेटीतल्या ढगात पुढे अदृश्य कणांच्या वाटा दिसायला लागल्या, १९२७चं नोबेल मिळालं, आणि १९३२ मध्ये पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धन भाराचा जुळा कण) सापडला तोही अशाच पेटीत. सुरुवात ढग बघत बसण्यापासून.

---

प्रश्नार्थक

मग खिडकी कुठल्या बाजूची घेऊ?

---

डोंगरवेडा

सूर्य ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध. दिशा आणि वेळ आधी बघून ठेवा, आणि पंखाच्या वरची जागा घेऊ नका, निम्मं दृश्य त्यातच जातं. विमान ढगाच्या जवळ आलं की कड्याचं केंद्र सावलीच्या नेमक्या कुठल्या भागावर आहे ते बघा. तुम्ही बसलाय त्याच रांगेवर येतं.

---

प्रश्नार्थक

जागा बदलून घेतली. जास्तीचे पैसे भरले, घरी विचारलं तर तुमचं नाव सांगणार आहे.